खड्डा ठाऊक असलेली जागा

पाण्याकाठी तंबू ठोकून राहायची हौस आमच्या घरात आधी कुणालाच नव्हती. आमची माणसं खाडीकाठची. बाबा चिंबोऱ्या म्हणजे खेकडे धरायला खारबावच्या बाजूला खाडीच्या चिखलात उतरायचे आणि मी काठावर डास मारत बसायचो. तोच आमचा कॅम्प. त्यामुळे मुलगी जेवता जेवता म्हणाली, "परीक्षा संपली की आम्ही चौघी कॅम्पिंगला जाणार आहोत, बीचवर नाहीतर लेकवर, टेंटमध्ये राहायचं," तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला.

"न्हाय जायचं," मी म्हणालो. चिडलो की माझी बोली थेट गावात परत जाते.

"अजून विचारलंही नाही मी."

"मग विचार."

"जाऊ?"

"न्हाय."

तिच्या आईने भाताचा टोप उचलला आणि ती आत निघून गेली. आमचा दोघांचा असा वाद सुरू झाला की तिला आत काहीतरी काम निघतंच.

माझ्या मुलीला फिट येते. एवढं साधं वाक्य, पण आमच्या घरात ते कुणी कधी मोठ्याने म्हणत नव्हतं. अकरा वर्षांची असताना एका हळदीत, बँजो जोरात वाजत असताना, ती मांडवातच कोसळली. हातपाय ताठ, डोळे वर. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली, आणि तिच्या आईने जमलेल्या सगळ्या गोतावळ्याला सांगून टाकलं, "सकाळपासना उपाशी हाय पोर, चक्कर आली." तो चक्कर शब्द घरात शिरला तो राहिलाच. शाळेत चक्कर, शेजारी चक्कर, नात्यात चक्कर. उद्या तिचं लग्न व्हायचंय, हे कारण बोलून दाखवायची गरजच पडली नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्या लागू पडल्या, आणि गेली दोन वर्षं काही झालेलं नव्हतं. डॉक्टर दर वेळी तेच सांगायचे: सगळं करू दे तिला, फक्त जागरण नको आणि पाण्यात एकटी नको; आणि सोबत जो असेल त्याला हिच्या आजाराची माहिती पाहिजे. यातलं पाण्याचं आम्ही जिवापाड पाळलं. सोबतच्या माणसाचं नाही पाळलं.

पाण्याचं किती पाळलं, तर बाथरूमच्या दाराची कडी मी स्वतः काढून टाकली. ती अंघोळीला गेली की मी बाहेर पेपर घेऊन बसतो आणि मधून मधून हाक मारतो, "हायस का?" ती आतून म्हणते, "हाय मी." ही हाक माझी नाही, बाबांकडून आलेली आहे. आमच्याकडे खाडीत एकटा कुणी उतरत नसे. एक चिखलात, एक काठावर. काठावरच्याने थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, हायस का, आणि चिखलातल्याने सांगायचं, हाय मी. उत्तर आलं नाही तर परत विचारत बसायचं नाही, सरळ उतरायचं. बाबा मांडीपर्यंत रुतलेले असत, तिवरांच्या झुडपांआड दिसतही नसत, पण तो आवाज आला की मी पुन्हा डास मारायला मोकळा. मुलीला लहानपणी या हाकेची गंमत वाटायची. आता अठराव्या वर्षी तिच्या उत्तरात राग असतो. मला तो ऐकू येतो, पण मी हाक मारायचा थांबत नाही. माझा स्वभावच तसा आहे, त्याला माझा इलाज नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तुझ्या मैत्रिणींना माहीत आहे का?" मी विचारलं.

"काय?"

"ते."

"नाही. सांगायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय ना मला." मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "पप्पा, मी भांडत नाही. जागा तू निवड. बीच म्हण, लेक म्हण, तू सांगशील तिथेच आम्ही जाऊ. पण निवड. नुसतं नाही म्हणू नको. या वेळी नाही म्हणालास तर पुढच्या वेळी मी विचारणारच नाही."

ती आरडाओरडा करून हे म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांत होती, म्हणजे तिचं ठरलेलं होतं. न विचारता गेलेली मुलगी कुठेतरी पाण्यात उतरेल, तिथे तिला फिट येईल, आणि त्या तिघी पोरींना वाटेल ही मस्ती करतेय. हे चित्र त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. जागा निवडणं भाग होतं, आणि ती मलाच निवडायची होती.

मी पूर्णा गावातल्या एका गोडाऊनच्या गेटवर सुपरवायझर आहे. ते गोडाऊन ज्या जमिनीवर उभं आहे तिथे एके काळी आमचाच भात व्हायचा, पण तो विषय आता नको. तर दुसऱ्या दिवसापासून मी गेटवर उभा राहून कॅम्पवाल्यांना फोन करायला लागलो. मागे कंटेनर रिव्हर्स घेताना बोंबलतायत आणि मी एका कानात बोट घालून विचारतोय, "तुमचा टेंट पाण्यापासून किती लांब?"

"सर, एकदम वॉटर टच."

"मग नको."

"सर, सगळे वॉटर टचच मागतात."

"मला लांबचा पाहिजे. आणि स्पीकर लावता का?"

"फुल डीजे सर, काही टेन्शन घेऊ नका."

मला टेन्शन त्याचंच होतं. डीजे सुरू झाला की हाक ऐकू जात नाही. दवाखाना किती लांब, मोबाईलला रेंज आहे का, पोरींना झोपायला मिळतं की नाही, बाथरूमची कडी आतून लागते का, असं मी एकेकाला विचारत गेलो. कडीचं विचारलं की समोरचा गप्पच व्हायचा. एकाने शेवटी विचारलं, "सर, तुम्हाला राहायला यायचंय की चौकशीला यायचंय?" का विचारतोय ते मात्र मी एकालाही सांगितलं नाही. गेटपाससाठी ताटकळलेला एक ड्रायव्हर हे सगळं ऐकत उभा होता. "साब, हनीमून की बुकिंग है क्या?" तो म्हणाला. मी म्हटलं, "गाडी पीछे लो."

मी अट घातली होती की जागा फोटोत बघून ठरवायची नाही, डोळ्यांनी बघायची. म्हणून पहिल्या रविवारी मी आणि मुलगी पालघरच्या बाजूचा एक बीच बघायला गेलो. तिची आई आली नाही. तिला कॅम्प हा शब्दसुद्धा नको होता. सुरूच्या झाडांखाली रंगीत तंबू, झुले, दोऱ्यांना लावलेले बल्ब. मुलगी हरखून गेली. मी खाली बघत होतो. तंबूंच्या मागच्या बाजूला, समोर नाही, चक्क मागे, वाळूवर सुकलेल्या काड्या, थर्माकोलचे तुकडे, एक तुटकी चप्पल, अशी वाकडीतिकडी रेघ गेली होती. ती रेघ कोण काढतं ते खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"पाणी इथपर्यंत येतं," मी मालकाला म्हणालो.

"छे हो. समुद्र बघा ना कुठे आहे."

"आज अष्टमी हाय. आज भांगाचं पाणी, ते लांबच राहणार. पुनवेच्या उधाणाला काय करता?"

"तेव्हा आम्ही लोकांना उठवून सांगतो ना."

"अन् जो उठत नाही त्याला?"

तो हसला, आणि मग माझा आवाज चढला. काय काय बोललो ते आता लिहिण्यासारखं नाही. आजूबाजूच्या तंबूंतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली तेव्हा मुलीने माझी बाही धरून मला गाडीपर्यंत आणलं.

गाडी रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "तुला जागा निवडायचीच नाहीये. तुला नाही म्हणायला कारणं गोळा करायची आहेत."

वसईचा पूल ओलांडल्यावर तीच म्हणाली, "रेघेचं तुझं बरोबर होतं पण."

समुद्र बाद झाला. उरलं तळं. घरी आल्यावर मी विचार करत बसलो आणि मला उगाचच हुशारी सुचल्यासारखं वाटलं. तळ्याला भरती नाही, ओहोटी नाही. संध्याकाळी जिथे पाणी तिथेच सकाळी. झोपलेल्या माणसाच्या अंगावर ते चालून येत नाही. माझी सगळी भीती चढणाऱ्या पाण्याची होती, आणि जे चढतच नाही त्याला काय भ्यायचं, असा माझा सरळ हिशोब. शहापूरकडे एका धरणाच्या काठी एक जागा सापडली. फोनवरच्या माणसाने डीजेबद्दल विचारल्यावर सांगितलं, "नाही ओ, गाववाल्यांनी बंद केलाय." मी त्याच शनिवारी सुट्टी टाकली.

जागा बघितली आणि पहिल्यांदा माझा जीव थोडा खाली बसला. तंबू उंचवट्यावर, आंब्याच्या झाडांखाली. पाणी खाली, चालत जावं लागेल इतकं लांब. मोबाईलला रेंज. दवाखाना शहापुरात. कॅम्प चालवणारा माणूस माझ्याच वयाचा, खांद्यावर टॉवेल टाकून तंबूच्या दोऱ्या आवळत होता. बाथरूम दाखवताना तो ओशाळून म्हणाला, "कडी मोडलीये, बसवतो." मी म्हटलं, "राहू द्या." असं म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिलंच भेटलं असणार.

सगळं पसंत पडत आलं आणि तेवढ्यात मला मावशी दिसल्या. या माझ्या बायकोच्या लांबच्या मावशी, आमच्या शेजारच्याच गावात दिलेल्या. कुठल्याही लग्नात पुढच्या रांगेत असतात. लेक-जावयांना घेऊन जेवायला आल्या होत्या आणि झाडाखाली पाय पसरून बसल्या होत्या. यांच्या कानावर काही पडलं की गावात वेगळी दवंडी पिटावी लागत नाही. मी टोपी पुढे ओढली.

"आता मावशी आहेत म्हणून जागा नको?" मुलगी म्हणाली.

"तसं न्हाय. त्या जाऊ देत, मग बघू."

"मला काही झालं तर त्यांना दिसेल, हेच ना?"

"हळू बोल," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. मला तिची नजर सहन झाली नाही, म्हणून मी पाण्याकडे चालायला लागलो. तसंही पाणी तपासल्याशिवाय मी होकार देणार नव्हतोच. मुलीला काठापासून बरंच वर, एका झाडाच्या बुंध्याशी बसवलं. "इथून हलायचं नाही," असं बजावून मोबाईल तिच्याकडे दिला, चपला काढल्या, पँट वर दुमडली. कॅम्पवाल्याने लाइफ जॅकेट पुढे केलं होतं. मी ते मुलीला अंगावर चढवायला लावलं, झाडाखाली बसली होती तरी. मला स्वतःला कशाला पाहिजे जॅकेट? मी खाडीतला.

खाडीत उतरायची आमची एक रीत आहे. आधी पाऊल टाकायचं, पायाला काय लागतं ते बघायचं, मग वजन द्यायचं. चिखल घोट्याला लागतो, मग पोटरीला, मग गुडघ्याला. परत फिरायला तो माणसाला भरपूर वेळ देतो. इथे तर चिखलही नव्हता. पायाखाली घट्ट मुरूम, पाणी स्वच्छ, उतार इतका सावकाश की मला बरंच वाटलं. थंडी नुकती पडायला लागली होती, पाणी गार होतं, तेवढंच काय ते.

वरून आवाज आला, "हायस का?"

मी वळून पाहिलं. ती हसत होती. इतकी वर्षं बाथरूमच्या दाराआडून जे ऐकून घेतलं ते मला परत करत होती.

"हाय मी," मी ओरडून सांगितलं, मावशी तिथे असूनही. मलाही हसू आलं.

पाणी मांडीला लागलं. अजून एक पाऊल टाकलं, आणि पायाखाली काहीच नव्हतं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं, तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीतला मुरूम लोक खणून नेतात. त्याचे सरळ तुटलेल्या कडांचे खड्डे राहतात, आणि पावसाने धरण भरलं की ते खड्डे पाण्याखाली जातात. हे मला नंतर कळलं. खाडीत असा खड्डा टिकत नाही. येणारं-जाणारं पाणी चिखल आणून तो बुजवून टाकतं. जे पाणी हलत नाही ते खड्डाही तसाच जपून ठेवतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी सगळी खबरदारी घेतली होती, पण ती खाडीची.

मला पोहता येतं. म्हणजे येत होतं, शाळेत असताना. गार पाण्याने छातीच आखडली. नाकातोंडात पाणी गेलं. वर आलो, अर्धा श्वास मिळाला, परत खाली. खड्ड्याची कड हाताला लागत होती पण मुरूम मुठीत येऊन सुटत होता. दुसऱ्यांदा वर आलो तेव्हा ऐकू आलं, "हायस का?" आता त्यात हसू नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पाणीच आत गेलं.

खोटं नाही सांगत, त्या वेळी मला मरणाची जेवढी भीती वाटली त्याच्यापेक्षा त्या हाकेची जास्त वाटली. उत्तर आलं नाही तर उतरायचं. मीच शिकवलं होतं तिला, लहानपणी, कौतुकाने. आता ती येणार. घाबरलेली, धावत, या पाण्यात येणार, आणि तिला इथेच फिट येणार. येऊ नको, एवढं तरी ओरडता यावं म्हणून मी धडपडत होतो आणि धडपडीने आणखी खाली जात होतो.

ती आली नाही.

ती काठापर्यंत धावली आणि तिथे जमिनीवर बसली. उभी राहिली नाही, बसली, दोन्ही हात मागे मातीत रोवून, फिट आलीच तर पाण्यात पडू नये म्हणून. आणि तिथून तिने जो आवाज काढला तो पार पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला असेल.

"माझे पप्पा बुडतायत! मला फिट येते, मी पाण्यात उतरू शकत नाही! कुणीतरी या!"

परत एकदा तेच. एकही शब्द न गाळता. मला फिट येते. तेवढं मी पाण्यातून ऐकलं.

पुढचं मला नीट क्रमाने आठवत नाही. एक लांब बांबू माझ्या खांद्यावर आदळला. त्याचं दुसरं टोक कॅम्पवाल्याच्या हातात होतं. मावशींचा जावई कमरेला दोरी बांधून गुडघाभर पाण्यात उभा होता आणि "धरा, धरा" म्हणत होता. मी धरलं. त्यांनी मला ओढून काठावर आणलं आणि मी उपडा पडून पाणी ओकत राहिलो.

जरा श्वास लागला तेव्हा मुलगी शेजारी होती. अजून बसलेलीच.

"मी आले नाही," ती म्हणाली. "आले असते तर दोघंही गेलो असतो."

"माहीत हाय."

"तुला जॅकेट घालायला काय झालं होतं? मला झाडाखाली घालायला लावतोस?" आणि मग ती रडायला लागली. मीही रडलो. तिथे इतकी माणसं उभी होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

मावशी आपला टॉवेल घेऊन आल्या. माझ्या अंगावर टाकला, पण बघत होत्या मुलीकडे. सात वर्षं ज्या क्षणाला मी घाबरत होतो तो आता समोर येऊन उभा होता.

"कदीपासना हाय गो?" त्यांनी विचारलं.

"अकरा वर्षांची होते तेव्हापासून."

"गोल्या घेतंस ना टायमावर?"

"घेते."

"मंग झाला तर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन तू रं? खाडीवरचा मानूस तू, डबक्यात बुडतोस?"

एवढंच. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

अर्थात संध्याकाळच्या आत त्यांनी गावभर केलंच. आम्ही घरी पोचलो तेव्हा बायकोच्या हातात मोबाईल होता आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

"समद्यांना समजलं," ती म्हणाली. "आता कोन करल हिला?"

"आई," मुलगी म्हणाली, "पप्पा आज मेला असता."

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिला बहुतेक एवढंच कळलं होतं की पोरीने काय ओरडून सांगितलं. का ओरडली ते फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. तिने माझ्या डोक्याला हात लावला. "केस पन नीट पुसलं न्हाईत," म्हणाली आणि टॉवेल आणायला आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. लग्नाचा विषय तिने त्यानंतर बरेच दिवस काढला नाही.

पुढच्या आठवड्यात लोक आले. कुणी अंगारा आणला, कुणी एका बाबांचा पत्ता. मी चिडायचो, बायको चहा करायची. दोन बायका वेगवेगळ्या दिवशी दुपारच्या आल्या, हळू आवाजात बोलल्या, आणि ठाण्याच्या डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेल्या. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आणि बायकोने विचारलं नाही.

मला वाटलं कॅम्पिंगचं आता संपलं. पण एका सकाळी मुलगी विचारते, "मग जागेचं काय ठरलं?"

"अजून जायचंय?"

"हो. तिथेच."

"तिथे? मी जिथे बुडत होतो तिथे?"

"तिथेच. तिथला खड्डा आपल्याला ठाऊक आहे. दुसरीकडचा ठाऊक नाही."

पुढच्या काही दिवसांत कॅम्पवाल्याने खड्ड्याच्या अलीकडे बांबू रोवून दोरी बांधली आणि मला फोटो पाठवला. शेवटी मी फोन करून बुकिंग केलं. या वेळी मी त्याला कारण सांगून सगळे प्रश्न विचारले. फार थोडे प्रश्न लागले.

जायच्या आधी मुलीने त्या तिघी मैत्रिणींना घरी जेवायला बोलावलं. बायकोने चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. जेवताना मुलीने त्यांना सगळं सांगितलं, जणू कॉलेजचं टाइमटेबल सांगतेय. फिट आली तर कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. कांदा नाही, आणि चप्पल तर अजिबात नाही. हे ऐकून बायको खाली बघून हसली. किती वेळ चालली ते घड्याळात बघायचं. लांबली तर दवाखाना.

"आणि पाण्यात?" एकीने विचारलं.

मुलीने माझ्याकडे बोट केलं. "ते पप्पा सांगेल."

मग मी त्या पोरींना बाबांचं सांगितलं. चिखल, तिवरं, काठावरचा आणि चिखलातला. हाक कशी मारायची आणि उत्तर कसं द्यायचं. शेवटच्या नियमाशी आलो आणि अडलो. उत्तर आलं नाही तर उतरायचं, असं मी सांगणार होतो.

"उत्तर आलं नाही," मी म्हणालो, "तर आधी बसायचं आणि ओरडायचं. एकटीने उतरायचं नाही." मुलगी चिंबोरीची नांगी फोडत होती, तिने मान वर केली नाही, पण ती ऐकत होती.

त्या गेल्या त्या दिवशी मी ड्युटीवर होतो. मी फोन करायचा नाही, तीच करेल, असं ठरलं होतं. दिवसभर मी गाड्यांचे नंबर दोन दोनदा विचारत होतो. जेवलो नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा मोबाईल वाजला. नंबर तिचा नव्हता, मैत्रिणीचा होता.

"काका, घाबरू नका," ती घाईघाईने म्हणाली. "तिनेच करायला सांगितलाय. ती पाण्यात आहे ना. गुडघ्यापर्यंतच. दोरीच्या अलीकडे. जॅकेट घातलंय. मी काठावर आहे."

मागे एक कंटेनर रिव्हर्स घेत बोंबलत होता. मी त्याला हात दाखवून थांबवलं आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. पलीकडे आधी नुसता वारा होता. मग तिसऱ्याच एका पोरीने हाक मारली. ती निजामपुऱ्यातली, घरात उर्दू बोलणारी; तिच्या तोंडात आमची हाक नवीन होती, पण तिने ती खणखणीत मारली. "हायस का?"

क्षणभर काहीच आलं नाही.

मग लांबून, पाण्यावरून, माझ्या मुलीचा आवाज आला. "हाय मी." त्यात राग नव्हता. लहानपणी असायची तशी गंमत होती.

"ऐकलंत ना, काका?" मैत्रीण म्हणाली. मी हो म्हणालो, आणि फोन ठेवू नकोस म्हणालो, अजून एकदा ऐकू दे.